धरणाकाठचे घर : मुळशी, लवासा आणि आपली काळी नदी

गेल्या काही वर्षांत सप्तापूर, मालमड्डी, साधनकेरी या भागांतल्या मराठी घरांतून एक नवा विषय ऐकू येऊ लागला आहे. मुले बेंगळुरूला, पुण्याला किंवा परदेशात स्थिरावली, निवृत्तीचा फंड हातात आला, गुडघे अजून शाबूत आहेत. मग कोणीतरी रंगीत माहितीपत्रक काढतो. त्यात निळे पाणी, मागे हिरवा डोंगर, आणि पाण्याकडे तोंड करून उभे असलेले लाल कौलांचे टुमदार घर. कोणी गणेशगुडीकडचा प्लॉट पाहून आलेले असतात, कोणाच्या पुण्याच्या भाच्याने पानशेतच्या बाजूला 'सेकंड होम' घ्यायचे ठरवलेले असते, कोणाला तापोळ्याच्या कोयना जलाशयाची ओढ असते. विषय खरेदीचा असतो, पण मला त्यात नेहमी इतिहास दिसतो. सरकारी नोकरीत नकाशे आणि पहाणी उतारे हाताळून ही सवय लागली असावी. डोंगरातले निळे पाणी दिसले की हे पाणी इथे केव्हा आले आणि त्याआधी इथे काय होते, हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

सह्याद्रीत मोठी नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. माहितीपत्रकातला प्रत्येक 'लेक' बहुतेक वेळा एखाद्या धरणाचा फुगवटा असतो, आणि प्रत्येक फुगवट्याखाली कोणाची तरी भातखाचरे असतात. तिथे घर घेणे वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण गेल्या शंभर वर्षांत या पाण्याच्या काठावर जे घडले ते माहीत असेल, तर घेणारा डोळस राहील. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ती हकिगत क्रमाने मांडतो.

थंड हवेच्या गावांपासून सुरुवात

डोंगरात घर बांधण्याची हौस आपल्याकडे इंग्रजांच्या काळात रुजली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला आजारी सैनिक-अधिकाऱ्यांसाठी आरोग्यधाम वसवले. १८२९ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी तह करून ती जागा इंग्रजांनी घेतली आणि तिच्या बदल्यात महाराजांना खंडाळा हे गाव दिले. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढले आणि तिथेही वस्ती झाली. त्यानंतर पारशी शेटजी, संस्थानिक आणि मुंबईचे वकील यांचे बंगले उठले. 'हवा खायला जाणे' हा शब्दप्रयोग त्या काळाने मराठीला दिला.

त्या गावांत मुख्य आकर्षण हवेचे होते. पाणी असले तरी ते वेण्णा तलावासारखे लहान, गावापुरते. अख्खे खोरे बुडवून झालेले विस्तीर्ण पाणी आणि त्याच्या काठावरचे घर ही कल्पना विसाव्या शतकाची. ती आली विजेच्या मागोमाग.

मुळशी : पाणी कोकणात, वीज मुंबईला

मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा दुरून आणावा लागे आणि धूर शहरावर बसे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा तुफान पाऊस अडवून तो कोकणाच्या बाजूला खाली सोडला तर वीज मिळेल, ही योजना जमशेटजी टाटा यांच्या काळात पुढे आली आणि त्यांच्या निधनानंतर दोराबजी टाटा यांनी तडीस नेली. १९११ मध्ये लोणावळ्याजवळ वळवण धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून वीज निघाली. पुढे ठोकरवाडीचे धरण व भिवपुरीचे वीजगृह झाले. तिसरी योजना मुळशीची होती. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ भिंत घालायची आणि पाणी बोगद्यातून कोकणात भिऱ्याला उतरवायचे.

मुळा पुढे मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा आपल्या कर्नाटकातून वाहत जाऊन कृष्णेला मिळते. पूर्वेकडे येणारे हे पाणी मुळशीत वळून पश्चिमेला गेले. नदीची दिशा माणसाने फिरवली, ती विजेसाठी.

या योजनेत मुळशी पेट्यातली सुमारे पन्नास गावे आणि दहा हजारांवर माणसे येत होती. शेतकऱ्यांना न विचारता त्यांच्या शेतांत चाचणीचे चर खणले गेले, तेव्हा खोऱ्यात पहिली ठिणगी पडली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि त्यांनी काम थांबवले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची प्रतिज्ञा होती. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे प्रमुख. बापट मूळचे पारनेरचे, डेक्कन कॉलेजात शिकलेले, शिष्यवृत्तीवर इंग्लंड-स्कॉटलंडला जाऊन आलेले. आपण त्यांना 'सेनापती' म्हणून ओळखतो ती पदवी त्यांना या लढ्याने दिली. बायकाही सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा लावला आणि सक्तीने जमिनी घेतल्या. १९२४ पर्यंत लढा विझला. त्या वर्षअखेरीस बापटांनी रेल्वे अडवली आणि त्यांना मोठी शिक्षा झाली. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले आणि मुळशीचे खोरे पाण्याखाली गेले. धरणाविरुद्धचा जगातला पहिला संघटित लढा म्हणून अभ्यासक आज मुळशीकडे पाहतात.

या हकिगतीचा एक भाग कमी सांगितला जातो, आणि माझ्या विषयाला तोच महत्त्वाचा आहे. मुळशीतली पुष्कळ जमीन पिढ्यान्‌पिढ्या मावळे कसत होते, पण कर्जापायी ती कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावे चढली होती. नुकसानभरपाई कायद्याने ज्याचे नाव त्याला. त्यामुळे सावकारांपैकी अनेकांचा प्रश्न हा होता की पैसे किती मिळणार, आणि मावळ्यांचा प्रश्न हा होता की उद्या नाचणी कुठे पेरायची. लढ्यात पहिल्यापासून ही फट होती. शेवटी मोबदला कागद असलेल्यांच्या हाती पडला. जे जमिनीवर राहत होते ते वरच्या डोंगरउतारावर सरकले, नाहीतर मजुरीला गेले. राहणारा वेगळा आणि कागदावरचा वेगळा, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तीच पुन्हा भेटणार आहे.

काठावर उरलेली माणसे

स्वातंत्र्यानंतर धरणे पाटबंधाऱ्यांसाठी, पिण्याच्या पाण्यासाठी आणि विजेसाठी होऊ लागली. हेतू सार्वजनिक होता आणि त्याची फळे आपण सगळेच खातो. हुबळी-धारवाडच्या नळाला येणारे पाणी नीरसागरचे आणि सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणाचे, म्हणजे मलप्रभेचे. तेही कोणाच्या तरी जमिनीवर साठले आहे. हिडकल धरणात हुन्नूरचे विठ्ठल मंदिर बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते आणि हुक्केरीकडचे लोक दर्शनाला जातात. पवनेच्या पोटात वाघेश्वराचे देऊळ आहे, त्याचीही तीच कथा. आपण फोटो काढतो. ज्यांच्या गावचे ते देऊळ, ते वर्षातून काही आठवडेच आपल्या देवाला भेटतात.

पुण्याजवळ आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर अशी धरणे झाली. पानशेतचे धरण बांधकाम पुरते संपण्याआधीच १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि निम्मे जुने पुणे वाहून गेले. ती आठवण आपल्या ज्येष्ठांपैकी अनेकांना नातेवाइकांकडून मिळालेली असेल. धरणाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यालाही पाण्याचे देणे असते, हे त्या दिवशी कळले. धरण पुन्हा बांधले गेले.

वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे नाव आहे. मोसे खोरे हे पासलकर देशमुखांचे, शिवरायांच्या पहिल्या सोबत्यांचे. या खोऱ्यात मराठा, धनगर, कातकरी अशी वस्ती. भातखाचरे बुडाल्यावर काही कुटुंबे खालच्या सपाटीवर गेली, काही वरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवत राहिली. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा १९७६ साली झाला. कोयना आणि पानशेत त्याच्या आधीचे. कोयनेची भिंत १९६० च्या दशकात उभी राहिली, पण तिथल्या विस्थापितांच्या मुलानातवंडांची आंदोलने आपण अजून वर्तमानपत्रात वाचतो.

म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र असे होते. खाली निळे पाणी, त्याच्या कडेला वाचलेले शेतकरी, वर ओसाड वाटणारे स्वस्त डोंगर, आणि दोन-तीन तासांवर पुणे-मुंबईची वाढती संपत्ती.

डोंगरात नवे शहर

नोव्हेंबर १९९६ मध्ये महाराष्ट्र सरकारने डोंगरी भागात पर्यटन वसाहती आणि सुट्टीची घरे बांधण्यासाठी विशेष नियमावली काढली. इंग्रजांनंतर नवे थंड हवेचे ठिकाण झाले नाही, ते खासगी गुंतवणुकीतून व्हावे, असा विचार होता. २००१ मध्ये वरसगाव जलाशयाभोवतीची मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली १८ गावे या नियमावलीखाली अधिसूचित झाली. तिथे जो प्रकल्प उभा राहिला त्याला आज सगळे लवासा म्हणून ओळखतात.

हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी ही धरणे, पूल आणि बोगदे बांधणारी जुनी नामांकित कंपनी. तिच्या छत्राखाली सुमारे २५ हजार एकरांवर पाच-सहा टप्प्यांत शहर करायचे ठरले. पहिला गाव दासवे. इटलीतल्या पोर्टोफिनो या समुद्रकाठच्या गावासारख्या रंगीत इमारती, पाण्याकडेची फरसबंद पायवाट, पूल, हॉटेले, शिक्षणसंस्था. 'लवासा' या शब्दाला कोणत्याही भाषेत अर्थ नाही. तो नाव म्हणून घडवलेला शब्द आहे. मोसे खोऱ्याला नाव होते, दासवे आणि मुगावला नाव होते, पण विकायला नवे नाव लागले.

जमीन तीन वाटांनी जमली. एक, शेतकऱ्यांकडून खरेदी. दोन, दलाल आणि मधल्या खरेदीदारांकडून. तीन, धरणासाठी पूर्वी संपादित केलेल्या सरकारी जमिनीचा भाग. महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने २००२ मध्ये सुमारे १४१ हेक्टर जमीन प्रकल्पाला भाडेपट्ट्याने दिली. पाण्याच्या सार्वजनिक कामासाठी शेतकऱ्याकडून घेतलेली जमीन पुढे सुट्टीच्या घरांच्या प्रकल्पाकडे गेली, यावर मोठी टीका झाली. कमाल जमीन धारणा कायद्याखाली आदिवासींना मिळालेल्या जमिनींच्या व्यवहारांवरूनही आक्षेप आले. दुसऱ्या बाजूला रस्ता आला, काम आले, भाव मिळाला असे सांगणारेही गावकरी होते. दोन्ही ऐकले पाहिजे.

२००८ मध्ये प्रकल्पाला विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला, म्हणजे बांधकामाच्या परवानग्या देण्याचा अधिकार प्रकल्पाच्याच यंत्रणेकडे आला. २०१० पर्यंत दासव्यात घरे उभी राहिली, लोक राहायला आले, शनिवार-रविवारी पुण्याहून गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. मग २५ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला. १,००० मीटरपेक्षा उंचीवरच्या पर्यटन प्रकल्पाला केंद्राची पर्यावरण मंजुरी लागत असे. आपले बांधकाम त्याखाली आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. मंत्रालयाला ते मान्य नव्हते. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, पहिल्या टप्प्यातल्या सुमारे २,००० हेक्टरांना अटींसह मंजुरी मिळाली.

आम्ही बांधकामाच्या क्षेत्रातली माणसे एक गोष्ट जाणतो. डोंगरातले काम एक वर्ष बंद पडले की ते एका वर्षाने लांबत नाही. पावसाळ्यात कच्चे रस्ते वाहतात, मजूर पांगतात, यंत्रे हलतात, आणि कर्जावरचे व्याज मात्र रविवारची सुट्टीसुद्धा घेत नाही. कंपनीवर हजारो कोटींचे कर्ज होते. बाजारातून भांडवल उभारण्याचे प्रयत्न फळाला आले नाहीत. पुढचे टप्पे कागदावर राहिले. २०१७ मध्ये नियोजनाचे अधिकारही काढून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे देण्यात आले.

एक रांग

आता घर घेणाऱ्यांकडे वळू. लवासातल्या अनेकांनी घर 'विकत' घेतले असे आपण म्हणतो, पण त्यांच्या हाती होता ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा करार. ताबा वेळेत न मिळाल्याने काही जण रेराकडे गेले. महाराष्ट्रात रेरा प्राधिकरण २०१७ च्या मे महिन्यात सुरू झाले होते. कंपनीने बाजू मांडली की हा भाडेपट्टा आहे, विक्री नव्हे. सबब रेरा लागू नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१८ च्या सुरुवातीला न्यायालयाने निकाल दिला की किमतीचा बहुतांश भाग आधी घेऊन ९९९ वर्षांसाठी दिलेले घर ही व्यवहारात विक्रीच आहे, आणि अशा खरेदीदाराला रेराचे संरक्षण आहे. हा निकाल आजही देशभर दाखला म्हणून वापरतात.

पण त्याच महिन्यात, ३० ऑगस्ट २०१८ रोजी, राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. ही प्रक्रिया सुरू झाली की कायद्याने स्थगिती लागते. कंपनीविरुद्धचे इतर दावे आणि वसुली जिथल्या तिथे थांबतात. जिंकलेला हक्क गोठला.

त्या वर्षी जूनमध्ये दिवाळखोरी कायद्यात दुरुस्ती होऊन घरखरेदीदारांना वित्तीय धनको मानले गेले होते. म्हणजे बँकांच्या बैठकीत त्यांनाही मत मिळाले. पण तारण असलेली बँक आणि तारण नसलेला निवृत्त मास्तर यांची जागा एक नसते. प्रक्रियेत मान्य झालेले एकूण दावे ६,६४२ कोटींचे होते. त्यांत ८३७ घरखरेदीदारांचे सुमारे ४०९ कोटी. जुलै २०२३ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी, एका समूहाची १,८१४ कोटींची योजना मंजूर झाली. पर्यावरण मंजुरीनंतर पाच वर्षांत, बांधकामाचा प्रत्यक्ष खर्च घेऊन, खरेदीदारांना घरे द्यायची असे त्यात होते. ठरलेले पैसे भरले गेले नाहीत म्हणून २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने ती मंजुरी मागे घेतली आणि प्रक्रिया पुन्हा मागे गेली.

जमिनीच्या बाजूचीही एक याचिका होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. मोठे कारण होते विलंब. इतक्या वर्षांनी, इतके उभे राहिल्यावर, घड्याळ मागे फिरवता येत नाही.

आता मुळशी आठवा. १९२१ च्या मावळ्याकडे जमिनीचा ताबा होता, पण कागद दुसऱ्याच्या नावे होता. शंभर वर्षांनी त्याच डोंगररांगेत शिकलेल्या, पगारदार, कर नियमित भरणाऱ्या माणसाच्या हातात कागद होता, पण ताबा नव्हता. एकाची रांग भूसंपादन अधिकाऱ्याच्या दारात, दुसऱ्याची न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर. दोघांना सांगितले गेले ते एकच : तुमचा हक्क मान्य आहे, थांबा. मावळ्याचे दुःख जास्त मोठे, कारण त्याचे एकच घर होते आणि दुसऱ्याचे बहुधा 'दुसरे' घर होते. तरी निवृत्तीची पुंजी घातलेल्याला हा फरक मोजण्याइतकी उसंत नसते. धरणाकाठचा शेतकरी आणि धरणाकाठी घर घेणारा हे एकमेकांचे विरोधक आहेत असे आपण समजतो. इतिहास सांगतो की दोघांचीही अडचण एका जागी आहे : राहणे आणि कागद यांची गाठ पडत नाही.

काळीकाठी

हे सगळे पुण्याकडचे म्हणून आपण सुटत नाही. धारवाडपासून दांडेली सुमारे ५५ किलोमीटर, तिथून पुढे गणेशगुडी आणि काळी नदीवरचे सुपा धरण. भिंत १०१ मीटर उंच. राज्यातल्या सर्वांत उंच धरणांत तिची गणना होते. १९८० च्या दशकात ते पुरे झाले. जुने सुपे हे तालुक्याचे गाव होते. ते पाण्यात गेले, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली आणि पुष्कळ कुटुंबे रामनगरला बसवली गेली. या भागातली बोली कोकणी-मराठी. आपल्यापैकी अनेकांचे सोयरेधायरे तिकडचे. माझ्या एका मावशीचे सासर सुप्याचे होते. त्या घरातले म्हातारे रामनगरच्या अंगणात बसून जुन्या गावाच्या गल्ल्या क्रमाने सांगत, कोणाचे दुकान, कोणाचा पिंपळ. ऐकणारी मुले कंटाळत.

आज गणेशगुडीला राफ्टिंग आहे, बॅकवॉटरला रिसॉर्ट आहेत, दांडेली-जोयडा रस्त्यावर होमस्टेच्या पाट्या आहेत. काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल लागून आहे. कर्नाटक भूसुधारणा कायद्यातली शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास बंदी करणारी कलमे २०२० मध्ये निघाली. त्यामुळे आपल्यासारख्या नोकरदारालाही जमीन घेणे सोपे झाले. सोपे झाले म्हणजे सुरक्षित झाले असे नव्हे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तिकडे 'लेक व्ह्यू' प्लॉटसाठी पैसे भरले. नंतर कळले की सर्व्हे नंबर चौघा भावांच्या सामाईक खात्यात, पोडी झालेली नाही, आणि बिनशेती आदेश तर अर्जाच्या पातळीवरच. भावांपैकी एकाने सही दिली नाही. त्याचा दोष काढता येत नाही. त्याच्या वडिलांनी पाण्याखाली गेलेल्या शेताच्या बदल्यात ती जमीन पाहिली होती.

पाहायचे ते काय

विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात पाणी आजचे असते. जमिनीच्या कागदात पाण्याच्या आधीचा काळ असतो. म्हणून कागद मागे वाचत जावा.

महाराष्ट्रात सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे शब्द दिसले तर थांबावे. धरणग्रस्ताला पर्यायी म्हणून, भूमिहीनाला वाटप म्हणून किंवा कुळकायद्याखाली मिळालेल्या जमिनीवर ही नोंद असू शकते, आणि अशी जमीन सहसा कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. फेरफार उतारे किमान धरणाच्या संपादनापर्यंत मागे पाहावेत. कर्नाटकात पहाणी, म्युटेशन, पोडीचा नकाशा आणि तीस वर्षांची ईसी घ्यावी. अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनीची विनापरवाना विक्री १९७८ च्या कायद्याने रद्द होऊ शकते, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याला मुदतीचा आडपडदा राहिलेला नाही. वीस वर्षे कब्जा आहे, असे सांगून भागत नाही.

बिनशेतीचा आदेश प्रत्यक्ष हातात घेऊन वाचावा. 'प्रोसेसमध्ये आहे' हा आदेश नव्हे. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तुचे फॉर्म ९ आणि ११अ मागावेत. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणी लागते. क्रमांक स्वतः तपासावा. करार विक्रीचा की भाडेपट्ट्याचा, हे पहिल्याच पानावर पाहावे. परवानगी देणारी यंत्रणा आणि विकणारा एकच आहेत का, तेही.

धरणाची पूर्ण संचय पातळी आणि पूररेषा विचारावी. उन्हाळ्यात पाहिलेला काठ पावसाळ्यात तिथे नसतो, आणि पावसाळ्यात पाहिलेले पाणी मे महिन्यात अर्धा किलोमीटर लाल चिखलापलीकडे गेलेले असते. तेव्हा जागा निदान दोन ऋतूंत पाहावी. डोंगर कापून सपाट केलेला प्लॉट असेल तर मागची दरड आणि पाण्याचा निचरा बघावा. सह्याद्रीत मुसळधार पावसात आधी हलते ते माणसाने कापलेले. पिण्याचे पाणी कोठून, हेही विचारावे. डोळ्यांसमोर शेकडो टीएमसी असले तरी त्यातला थेंबही आपल्या मालकीचा नसतो.

आणि एक गोष्ट कागदात नसते. शेजारच्या वाडीत जाऊन चहा प्यावा. पूर्वी हे कोणाचे रान होते, धरण झाल्यावर कोण कुठे गेले, वाट कोणाची, स्मशान कुठे, देवाची जागा कुठली, हे तिथला म्हातारा पाच मिनिटांत सांगतो. ज्या जमिनीबद्दल वाडीत दोन मते आहेत, तिथे वकिलाची फी दुप्पट धरावी.

आता पुन्हा एक मोठी योजना येते आहे. कोयना जलाशयाभोवती 'नवीन महाबळेश्वर' करण्याचे महाराष्ट्र सरकारने ठरवले असून सातारा जिल्ह्यातल्या २३५ गावांपासून त्याची आखणी सुरू झाली. त्यांतली कितीतरी गावे कोयनेच्या पाण्याने एकदा हललेली आहेत. तिथे घरे होतील, रस्ते होतील, कदाचित आपल्यापैकी कोणी घेईलही. नियोजन करणाऱ्यांनी मुळशी आणि लवासा दोन्ही प्रकरणे समोर ठेवली, गावकऱ्याला जमिनीच्या किमतीबरोबर पुढच्या उत्पन्नात वाटा दिला आणि घेणाऱ्याला घर उभे राहिल्यावरच पैसे मागितले, तर पुढच्या पिढीला वेगळा लेख लिहिता येईल.

आपल्या धारवाडला जुने लोक पेन्शनरांचा स्वर्ग म्हणत. मुंबई इलाख्यातून निवृत्त झालेले कारकून, मामलेदार, मास्तर इथे आले, अंगणात विहीर खणून आणि आंबा लावून त्यांनी घरे बांधली, आणि आपण त्यांची नातवंडे त्या घरांत वाढलो. काठावरच्या घराचा धारवाडी नमुना हवाच असेल तर साधनकेरीला जावे. मराठी मातृभाषेचे आणि कन्नडचे वरकवी द. रा. बेंद्रे त्या तळ्याजवळ राहिले. लहानसे तळे, त्याच्याकडे पाहणारे साधे घर. तिथे कोणाचे गाव बुडाले नव्हते, आणि कोणाला ताब्यासाठी रांगेत उभे राहावे लागले नव्हते.

मंडळातल्या ज्यांची यंदा डोंगराकडे नजर आहे, त्यांना विघ्नहर्ता स्वच्छ उतारा, भक्कम पाया आणि चांगला शेजार देवो. गणपती बाप्पा मोरया!